बंद टाकीच्या आतलं कळतं कसं?

दोन-तीन मजले उंच पोलादी टाकी. झाकण घट्ट बंद. आत कोट्यवधी सूक्ष्मजीव औषध तयार करत असतात. टाकी उघडता येत नाही, कारण बाहेरचा एखादा जंतू आत गेला तर अख्खी बॅच फेकून द्यावी लागते. मग बाहेर बसलेल्या माणसाला आतली खबर मिळते कशी?

जैवतंत्रज्ञानाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात तो जरा वेगळ्या वळणाने येतो. मोहफुलाचा सडवा, म्हणजे भिजवून आंबवलेली फुलं, तयार झाला की नाही, हे जाणती माणसं बुडबुड्यांच्या आवाजावरून आणि वासावरून सांगतात. गोबरगॅसची टाकी बिघडली की शेगडीची ज्योत सांगते. मग कारखान्यात कान कोणाचे आणि नाक कोणाचं?

कान-नाकाचं काम तिथे सेन्सर करतात. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. टाकीत आज किती औषध तयार झालं, हे थेट सांगणारा सेन्सर बहुतेक ठिकाणी नसतो. प्रत्येक सेन्सर आजूबाजूची एखादी खूण मोजतो, आणि त्या खुणा एकत्र वाचून आतल्या कामाचा अंदाज बांधायचा असतो. या प्रकरणात त्या खुणा एकेक करून पाहू.

१. मडकं, शेणाची टाकी आणि पिंपरीचा कारखाना

ज्या भांड्यात सजीव पेशींकडून आपल्याला हवा तो पदार्थ मुद्दाम करून घेतात, ते भांडं म्हणजे बायोरिॲक्टर. या अर्थाने सडव्याचं मडकं हाही बायोरिॲक्टर आणि गोबरगॅसची टाकीही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुलं वेचून वाळवतात. त्यांत साखर भरपूर असते. ती भिजवून ठेवली की यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी साखर खाते, अल्कोहोल तयार करते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. दारूने घरं कशी मोडतात हे या भागाला कोणी सांगायची गरज नाही. पण तीच आंबवण्याची क्रिया औषधनिर्मितीच्या मुळाशी आहे, म्हणून ती समजून घेतली पाहिजे.

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर औषध आंबवून काढण्याचं काम पिंपरीत उभं राहिलं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत मिळाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन देणारी बुरशी मडक्यातल्या यीस्टपेक्षा फार हळवी. तिला साधारण २५ अंश तापमान लागतं, किंचित आंबट पाणी लागतं, साखर लागते पण बेताने, आणि हवा सतत लागते. यातली एक गोष्ट बिघडली तरी बुरशी मरेलच असं नाही, ती नुसती वाढत बसते आणि पेनिसिलिन द्यायचं थांबवते. वरून पाहणाऱ्याला टाकी छान चाललेली दिसते. म्हणून मोजमाप हवं.

२. काट्यावरचा प्रयोग

सगळ्यात साधा सेन्सर म्हणजे वजनकाटा. मोठ्या टाक्यांच्या पायांखाली वजन मोजणारे लोड सेल बसवलेले असतात. नुसत्या वजनावरून किती कळतं, ते घरच्या किंवा शाळेतल्या काट्यावर पाहता येतं.

मोठ्या बाटलीत एक लिटर कोमट पाणी घ्या, त्यात १०० ग्रॅम साखर विरघळवा आणि चमचाभर बेकरीचं यीस्ट घाला. झाकण सैलच ठेवा, घट्ट लावलं तर बाटली फुटू शकते. आता बाटली काट्यावर ठेवून दर काही तासांनी वजन लिहा. वजन घटत जाईल, कारण कार्बन डायऑक्साइड उडून जातो.

हिशेब असा. यीस्ट १८० ग्रॅम ग्लुकोज खातं तेव्हा ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे बाटलीचं वजन २२ ग्रॅमने घटलं, तर आत सुमारे २३ ग्रॅम अल्कोहोल तयार झालेलं असणार. थोडा वायू पाण्यात विरघळून राहतो, थोडं पाणी वाफ होऊन जातं, तेवढी चूक धरायची. अल्कोहोल आपण पाहिलं नाही, चाखलं नाही, तरी ते किती आहे हे कळलं. बाहेर पडलेल्या वस्तूवरून आत राहिलेली वस्तू ओळखायची, ही युक्ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

३. वाफेची परीक्षा

सेन्सर टाकीत बसवायचा तर त्याला आधी एक परीक्षा द्यावी लागते. प्रत्येक बॅचच्या आधी टाकी, नळ्या, झडपा आणि आतले प्रोब, म्हणजे टाकीत खुपसलेल्या सेन्सरच्या दांड्या, हे सगळं दाबाखालच्या वाफेने साधारण १२१ अंशांवर वीस-तीस मिनिटं निर्जंतुक केलं जातं. यात टिकेल तोच सेन्सर उपयोगाचा. प्रयोगशाळेत उत्तम चालणारी कितीतरी मोजयंत्रं इथेच बाद होतात. त्यानंतर पेनिसिलिनसारखी बॅच आठवडाभर चालते आणि तेवढ्या काळात प्रोब बाहेर काढून पुसता येत नाही. त्यावर बुरशीचा थर चढतो, फेस चिकटतो, काच जुनी होत जाते आणि आकडा हळूहळू सरकतो. म्हणून माझ्या मते सेन्सरची किंमत विचारण्याआधी एक वेगळा प्रश्न विचारावा: सातव्या दिवशी त्याच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

४. तापमान

इथे प्लॅटिनमची बारीक तार कामाला येते. शून्य अंशाला तिचा विद्युतरोध १०० ओहम असतो आणि दर अंशाला तो साधारण ०.३९ ओहमने वाढतो. रोध १०९.७ ओहम आला की तापमान २५ अंश. हा सेन्सर वर्षानुवर्षं इमानाने चालतो.

तापमान महत्त्वाचं, कारण पेशी काम करताना स्वतः तापतात. एक ग्रॅम ऑक्सिजन वापरला की साधारण १४ किलोज्यूल उष्णता निघते. समजा ५०,००० लिटरची टाकी आहे आणि आतली बुरशी दर लिटरमागे तासाला एक ग्रॅम ऑक्सिजन वापरते आहे. गणित केलं तर सुमारे २०० किलोवॉट उष्णता निघते, अखंड, रात्रंदिवस. ढवळणाऱ्या मोटरची उष्णता वेगळीच. ती काढायला टाकीभोवतीच्या वेटोळ्यांतून थंड पाणी फिरवतात. आत येणारं पाणी किती थंड होतं आणि बाहेर पडताना किती तापलं, हे मोजलं तर बुरशी किती काम करते आहे याचाही अंदाज मिळतो. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा भागात टाकी उभारायची तर थंड पाण्याची सोय हा पहिला खर्च असतो.

५. आंबटपणा

आंबटपणा मोजायची पट्टी म्हणजे पीएच. सात म्हणजे ना आंबट ना तुरट, त्याखाली आंबट. पट्टीवर एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते, म्हणून ६.५ आणि ६.० यांतला फरक दिसतो तेवढा लहान नाही. ही पट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन या शास्त्रज्ञाने मांडली. तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत होता आणि ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. आंबवण्याच्या धंद्याला आंबटपणाचा नेमका आकडा हवा होता, त्याच गरजेतून ही पट्टी जन्मली.

पीएच प्रोबच्या टोकाला खास काचेचा पातळ फुगा असतो. काचेच्या आतला आणि बाहेरचा आंबटपणा वेगळा असला की तिच्या दोन बाजूंत किंचित विद्युतदाब तयार होतो. २५ अंशांवर पीएचच्या एका अंकामागे तो ५९ मिलिव्होल्ट असतो. टाकीत बसवण्यापूर्वी प्रोब पीएच ७ आणि पीएच ४ च्या तयार द्रावणांत बुडवून तपासतात. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. वाफ खाऊन खाऊन काच म्हातारी झाली की ५९ च्या जागी ५४-५५ मिलिव्होल्टच मिळतात. मग प्रोब बदलायची वेळ आली असं समजायचं.

बॅच चालू असताना हा प्रोब खरा बोलतो का, हे पाहायला टाकीतून थोडा नमुना काढून बाहेरच्या मीटरवर तपासतात. इथे नवखा माणूस फसतो. टाकीत दाब असतो आणि द्रवात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो द्रवाला आंबट ठेवतो. नमुना बाहेर आला की वायू उडू लागतो आणि पीएच चढतो. नमुना टेबलावर दहा मिनिटं पडून राहिला तर मीटर जास्त आकडा दाखवणार. त्या आकड्यावर भरवसा ठेवून आतला प्रोब 'दुरुस्त' केला, तर चांगला चाललेला प्रोब आपणच चुकीचा करून ठेवतो. नमुना काढला की लगेच मोजायचा, हाच उपाय.

पेनिसिलिनच्या टाकीत पीएच आणखी एक निरोप देतो. साखर जास्त झाली की बुरशी आम्लं सोडते आणि पीएच उतरतो. साखर संपली की बुरशी प्रथिनांचे तुकडे खायला लागते, त्यातून अमोनिया सुटतो आणि पीएच चढतो. म्हणजे साखर न मोजताही तिची टंचाई कळते.

६. हवा

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाण्यात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो. २५ अंशांवर, हवा मिसळून मिसळून भरलेल्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. आपली बुरशी तासाला लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम वापरते. मग ८ मिलिग्रॅम किती वेळ पुरणार? ८ भागिले १०००, म्हणजे ०.००८ तास. सेकंदांत सांगायचं तर २९.

अर्ध्या मिनिटाची शिल्लक! हवेचा कॉम्प्रेसर बंद पडला तर अर्ध्या मिनिटात ५०,००० लिटर बुरशी गुदमरते. साखरेचा साठा तासन्‌तास पुरतो, ऑक्सिजनचा साठा जवळजवळ नसतोच. म्हणून विरघळलेला ऑक्सिजन सतत मोजावा लागतो.

त्यासाठीचा प्रोब लेलँड क्लार्क या अमेरिकी शास्त्रज्ञाने रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी बनवला आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. एक प्लॅटिनमचं टोक, एक चांदीचं, मध्ये क्षाराचं पाणी, आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ पडदा. ऑक्सिजन पडद्यातून झिरपून प्लॅटिनमवर पोचतो, तिथे खर्च होतो आणि तेवढा विद्युतप्रवाह वाहतो. प्रवाह जास्त म्हणजे ऑक्सिजन जास्त. पडदा नसता तर रक्तातली प्रथिनं प्लॅटिनमवर बसून प्रोब निकामी झाला असता. क्लार्कची खरी करामत या पडद्यात आहे.

अलीकडे प्रकाशावर चालणारे प्रोबही वापरतात. टोकावर एका विशिष्ट रंगद्रव्याचा ठिपका असतो. त्यावर निळा प्रकाश टाकला की तो क्षणभर लाल चमकतो. ऑक्सिजनचे रेणू त्याला धडकले की ही चमक लवकर विझते. चमक किती वेळ टिकली हे मोजलं की ऑक्सिजन किती ते कळतं. यात ऑक्सिजन खर्च होत नाही, पडदा-पाणी बदलण्याची कटकटही कमी. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या पिशव्यांत पेशी वाढवतात, तिथे असा ठिपका आतून चिकटवलेला असतो आणि तो पिशवीच्या बाहेरून वाचता येतो.

ऑक्सिजनचा आकडा टक्क्यांत दाखवतात. १०० म्हणजे पाणी हवेने पूर्ण भरलेलं. पेनिसिलिनच्या टाकीत तो साधारण ३० च्या खाली गेला की उत्पादन मार खायला लागतं. मात्र हा आकडा वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. टाकीला विहीर समजा. खालून झरा येतो आहे, वरून पंप उपसतो आहे. पाण्याची पातळी जागच्या जागी दिसली, तर उपसा थांबलाय असं आपण म्हणतो का? झरा आणि उपसा सारखे झाले एवढंच म्हणतो. उपसा ताशी शंभर लिटर आहे की दहा हजार, ते पातळी सांगत नाही. ऑक्सिजनचा प्रोब ही पातळी दाखवतो. आकडा दिवसभर ४० वर स्थिर असेल, तरी बुरशी जोमात असू शकते किंवा मरगळलेलीही असू शकते. उपसा मोजायला वेगळी सोय हवी.

७. बाहेर पडणारी हवा

काट्यावरची युक्ती इथे परत येते. टाकीत शिरणाऱ्या हवेत २०.९५ टक्के ऑक्सिजन असतो. आपल्या ५०,००० लिटरच्या टाकीत मिनिटाला ५०,००० लिटर हवा सोडली आणि बुरशीने लिटरमागे तासाला एक ग्रॅम ऑक्सिजन वापरला, तर बाहेर पडणाऱ्या हवेत तो सुमारे १९.७ टक्के उरतो. सव्वा टक्क्याची ही घट म्हणजे बुरशीचा श्वास.

ऑक्सिजनला चुंबक हलकेच ओढतो, नायट्रोजनला तसा ओढत नाही. या गुणावर चालणारं ऑक्सिजनमापक लायनस पॉलिंगने १९४० च्या सुमारास बनवलं. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो, त्यावरून तो मोजतात. ही यंत्रं टाकीच्या बाहेर बसतात, म्हणून त्यांना वाफेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि बॅच चालू असताना ती तपासताही येतात. मला विचाराल तर मोठ्या टाकीवर पैसे कुठे घालायचे या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच.

८. जिवंत किती, आणि रामन यांची देणगी

कोव्हिशील्ड ही पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची लस लाखो मराठी दंडांत टोचली गेली. तिच्यातला विषाणू मानवी मूत्रपिंडापासून पूर्वी तयार झालेल्या पेशींत वाढवत असत. अशा पेशी बुरशीहून नाजूक. तिथे आत एकूण पेशी किती यापेक्षा जिवंत किती, हे कळायला हवं. जिवंत पेशीभोवतीचं आवरण अखंड असतं. उच्च वारंवारतेचं विद्युतक्षेत्र लावलं की अशा पेशीत विद्युतभार आवरणाच्या दोन बाजूंना साठतो. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं, तिच्यात भार साठत नाही. साठलेला भार मोजला की जिवंत पेशींचा अंदाज मिळतो.

दुसरी पद्धत भारताच्या अभिमानाची. चंद्रशेखर वेंकट रामन हे नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हिशेबखात्याचे अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. पुढे कोलकात्यात, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, त्यांनी पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो हे दाखवलं. हा बदल प्रत्येक रेणूगणिक वेगळा असतो. आज टाकीत लेसरचा प्रोब सोडून, परतलेल्या प्रकाशावरून ग्लुकोज किती आणि पेशींनी सोडलेलं लॅक्टिक आम्ल किती, हे एकाच वेळी वाचतात. पद्धत महाग आहे, आणि आधी बऱ्याच बॅचचे नमुने हाताने तपासून संगणकाला शिकवावं लागतं. त्या हातच्या तपासणीत चूक असेल तर लेसरही तीच चूक शिकतो.

९. रात्रपाळीचा प्रश्न

रात्री दोन वाजता ऑक्सिजनचा आकडा ४० वरून एकदम ७५ वर गेला. काय झालं?

ड्यूटीवरचा माणूस आधी बाकीचे आकडे पाहतो. बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरला असेल आणि पीएच चढू लागला असेल, तर बुरशीची साखर संपली. खाणं नाही म्हणून श्वास मंदावला आणि ऑक्सिजन शिल्लक पडू लागला. साखरेच्या पंपाकडे धावायचं.

पण कार्बन डायऑक्साइड जिथल्या तिथे आहे, पीएच हलला नाही, थंड पाण्याची गरजही तेवढीच आहे, आणि एकटा ऑक्सिजन उडाला? मग बुरशी ठीक आहे. प्रोबच्या टोकावर हवेचा बुडबुडा अडकला असेल किंवा पडदा फाटला असेल. या वेळी साखर वाढवली तर चांगली बॅच हाताने बिघडवली असं होईल.

तिसरी वेळ याच्या उलट, आणि वाईट. ऑक्सिजन झपाट्याने उतरतोय, पीएच उतरतोय, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता वाढताहेत. एखादा वेगाने वाढणारा जिवाणू आत शिरला असण्याची शंका घ्यायची, नमुना काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा.

१०. चिमूरच्या शेणटाकीवर

हेच सगळं गोबरगॅसला लावता येतं, आणि फारसा खर्च येत नाही. तरंगत्या टोपीच्या टाकीत टोपी हाच सेन्सर असतो. टोपीचा व्यास सव्वा मीटर असेल तर ती १० सेंटिमीटर वर आल्यावर सुमारे १२३ लिटर गॅस साठला. टोपीवर रंगाने खुणा करा, शेगडी बंद असताना ठरावीक वेळी पहाटे उंची लिहा. दुपारची उंची धरू नका, कारण वीस अंशांचा गॅस पस्तीस अंशांवर गेला की नुसता तापून पाच टक्के फुगतो. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे रोज २५ किलो शेण घातलं तर घनमीटरभर गॅस यायला हवा. जमिनीतल्या पक्क्या घुमटाच्या टाकीत टोपी नसते. तिथे गॅसच्या नळीला पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी जोडली की दाब डोळ्यांना दिसतो.

थंडीत गॅस कमी होतो हे सगळ्यांना माहीत आहे. मिथेन देणारे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास खूश असतात आणि वीसच्या खाली मंदावतात. टाकीतल्या शेणपाण्याच्या रबडीत थर्मामीटर सोडला की हे आकड्यात दिसतं.

खरी अडचण वेगळी. टाकीत दोन टोळ्या काम करतात: पहिली शेणाची आम्लं करते, दुसरी त्या आम्लांचा मिथेन. लग्नाच्या पंगतीचं उरलेलं अन्न एकदम टाकीत ओतलं तर पहिली टोळी सुसाट सुटते, दुसरी मागे पडते आणि आम्ल साचतं. पण शेणातले क्षार ते आम्ल जिरवत राहतात, त्यामुळे पीएच बराच काळ सातच्या आसपासच राहतो. तो खाली घसरेपर्यंत उशीर झालेला असतो. पीएचची पट्टी इथे एकटी पुरत नाही.

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत जमेल अशी एक तपासणी आहे. गाळलेली रबडी २० मिलिलिटर घ्या आणि ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब घालत पीएच मीटर पाहा. पीएच ५ पर्यंत येण्यासाठी लागलेलं आम्ल टाकीची सोसण्याची ताकद सांगतं. ५ पासून ४.४ पर्यंत लागलेल्या आम्लावरून साचलेल्या आम्लांचं प्रमाण काढतात, त्याची सूत्रं तयार आहेत. साचलेल्या आम्लांना ताकदीने भागून येणारा आकडा ०.३ ते ०.४ च्या दरम्यान असला तर टाकी ठीक चालली आहे. आठवड्यागणिक तो चढत ०.४ च्या पुढे गेला, तर पीएच कितीही चांगला दिसो, खरकटं बंद करायचं आणि आकडा उतरेपर्यंत नुसतं शेण, तेही कमी, घालायचं.